ओसीटी : प्रकाशाने घेतलेला जिवंत ऊतीचा छेद

रोगग्रस्त अवयवाचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही निदानाची जुनी आणि भरवशाची रीत. डोळ्याच्या दृष्टिपटलाबाबत मात्र हा मार्ग जवळजवळ बंद असतो. तेथील तुकडा काढणे म्हणजे दृष्टीच पणाला लावणे. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्याचे थर त्याला स्पर्शही न करता दाखवणारे तंत्र म्हणजे ‘ऑप्टिकल कोहरन्स टोमोग्राफी’, अर्थात ओसीटी.

तत्त्व

सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार केले जाते. ओसीटीत ध्वनीची जागा डोळ्यांना जेमतेम दिसणारा वा न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतो. अडचण वेगाची असते. दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढे अंतर प्रकाश सुमारे ३३ फेम्टोसेकंदांत कापतो. सेकंदाचे एक अब्ज भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा दहा लाख भाग केले, की एक फेम्टोसेकंद होतो. एवढा अल्प काळ इलेक्ट्रॉनिक उपकरणाने थेट मोजता येत नाही.

यावर उपाय म्हणून प्रकाशाचा झोत दोन भागांत विभागतात. एक भाग डोळ्यात जातो, दुसरा आरशाकडे. दोन्ही परतून एकत्र आले, की त्यांच्या लहरींचे व्यतिकरण होते. वापरलेला प्रकाश अनेक तरंगलांबींचा असल्याने दोघांनी कापलेले अंतर जवळजवळ सारखे असेल तेव्हाच हे व्यतिकरण ठळक होते. त्यावरून परावर्तन नेमके किती खोलीवरून आले ते कळते.

इतिहास

अमेरिकेतील एमआयटी व हार्वर्डच्या संशोधकांनी डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि जेम्स फुजिमोटो यांच्या सहभागाने हे तंत्र १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यातील चित्रे शरीराबाहेर काढलेल्या दृष्टिपटलाची व हृदयधमनीची होती. स्वॉन्सन यांचा अनुभव उपग्रहांमधील लेसर संदेशवहनाचा होता. १९९३ मध्ये जिवंत मानवी डोळ्याची चित्रे प्रसिद्ध झाली आणि १९९६ मध्ये नेत्रचिकित्सेसाठी यंत्र बाजारात आले. या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

उपयोग

काचबिंदूत चेतातंतूंचा थर हळूहळू विरळ होतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. हे विरळ होणे रुग्णाला काही जाणवण्यापूर्वीच अनेकदा ओसीटीत दिसते. मधुमेहात पीतबिंदूखाली व आसपास साचलेले पाणी किती आहे, डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनी ते ओसरले का, हेही यावरून ठरवतात. रक्तवाहिनीत बारीक नळी सरकवून हृदयधमनीतील चरबीचे थर आणि बसवलेला स्टेंट नीट चिकटला आहे की नाही, हे पाहण्यासाठीही हे तंत्र वापरले जाते. तेथे रक्त प्रकाश अडवत असल्याने क्षणभर दुसरा द्रव सोडून वाट मोकळी करावी लागते.

मर्यादा

बहुतेक ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरपलीकडचे दिसत नाही. दाट मोतीबिंदू किंवा डोळ्यातील रक्तस्राव असल्यास चित्र अंधुक येते. यंत्र थराची जाडी निरोगी लोकांच्या नोंदींशी ताडून अहवालात लाल रंगाने इशारा देते. पण अधिक ऋण क्रमांकाचा चष्मा असलेल्यांमध्ये आजार नसतानाही असा इशारा येऊ शकतो. उलट, हिरवा रंग म्हणजे निर्धोकपणाची हमीही नव्हे. म्हणून डोळ्याचा दाब, दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि नेत्रतज्ज्ञांची प्रत्यक्ष तपासणी यांच्या जोडीनेच हा अहवाल वाचायचा असतो. पहिल्या चाचणीचा कागद जपून ठेवणे तितकेच महत्त्वाचे, कारण काही महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या चाचणीशी त्याची तुलना केल्यावरच आजार थांबला आहे की पुढे सरकत आहे, ते समजते.