सुदूर संवेदन : नागपूर येथील कार्य

वस्तूशी प्रत्यक्ष संपर्क न येता, तिच्यापासून परावर्तित वा उत्सर्जित होणाऱ्या प्रारणाच्या नोंदींवरून तिची माहिती मिळविण्याच्या तंत्रास सुदूर संवेदन म्हणतात. अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला. भारताने भास्कर–१ (१९७९) व भास्कर–२ (१९८१) हे प्रायोगिक उपग्रह सोव्हिएट साहाय्याने अवकाशात पाठविले. आयआरएस–१ए हा पहिला कार्यकारी उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोडण्यात आला.

उपग्रहीय सामग्रीच्या विश्लेषणासाठी अवकाश विभागाने बंगळूर, डेहराडून, जोधपूर, खरगपूर व नागपूर येथे प्रादेशिक केंद्रे स्थापिली. १९८८ मध्ये राज्य शासनाचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरातच सुरू झाले. मृदा सर्वेक्षण व कापूस संशोधन यांच्या राष्ट्रीय संस्था याच शहरात असल्याने येथील कार्यात शेती, पाणलोट क्षेत्रे व वने यांच्या अभ्यासास स्वाभाविकच महत्त्व आले.

या कार्यातील प्रमुख अडचण हवामानाची आहे. कापूस, सोयाबीन, तूर व भात ही विदर्भातील मुख्य पिके पावसाळ्यात वाढतात. नेमक्या त्याच काळात आकाश अभ्राच्छादित असते आणि प्रकाशीय संवेदकास ढगांपलीकडील भूभाग दिसत नाही. रडारचे सूक्ष्मतरंग मात्र ढगांतून आरपार जातात. याकरिता भारताने सी-पट्ट्यात कार्य करणारा रिसॅट–१ (२०१२) व पुढे ईओएस–०४ (२०२२) हे उपग्रह सोडले. रिसॅट–१ चे कार्य थांबल्यानंतरच्या काळात युरोपच्या सेंटिनेल–१ उपग्रहाची मुक्तपणे मिळणारी सामग्री उपयोगी पडली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या निसार उपग्रहावर अमेरिकेचे एल-पट्टा व भारताचे एस-पट्टा अशी दोन रडारे असून तो दर १२ दिवसांनी त्याच भूभागाची नोंद घेतो.

दुसरी अडचण शेतांच्या आकारमानाची होय. आयआरएस–१ए वरील एका कॅमेऱ्याची विभेदनक्षमता ७२·५ मी. होती, म्हणजे प्रतिमेतील एका घटकात सुमारे अर्धा हेक्टर जमीन सामावे. कपाशीत तुरीच्या ओळी घेण्याच्या पद्धतीमुळे अशा घटकात दोन पिकांची मिसळ होते. नंतरच्या उपग्रहांनी हे अंतर बरेच कमी केले; तथापि कोरडवाहू शेतकऱ्याची पीकहानी ठरविताना प्रतिमेच्या अर्थातील चूक त्यालाच भोवते. म्हणून शेतात जाऊन केलेली पडताळणी अद्यापि अपरिहार्य आहे.