डिस्कची चावी कोणाकडे? रूट, एफएसके आणि सक्तीच्या नियंत्रणाचा इतिहास

रावेरच्या तहसील कचेरीत कामासाठी कधी रांगेत उभे राहिला असाल, तर आजचा अर्धा विषय तुम्हाला आधीच कळलेला आहे. शेत तुमचं. केळी लावायची की हरभरा, स्वतः कसायचं की बटाईनं द्यायचं, हे तुम्ही ठरवता. पण सातबाऱ्यावरचं नाव तुम्ही स्वतः बदलू शकत नाही. फेरफार तलाठी नोंदवतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि हा नियम मालकाच्या मर्जीवर चालत नाही.

संगणकात पहिल्या प्रकाराला डिस्क्रिशनरी ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. फाइलचा मालक ठरवेल तो वाचेल. दुसरा प्रकार म्हणजे मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल. इथे नियम सिस्टमचे असतात आणि मालकालाही पाळावे लागतात. नेट-सेटच्या तयारीत या दोन व्याख्या आपण पाठ करतो आणि पुढे जातो. खरी गंमत सुरू होते ती डिस्क हाताळणाऱ्या साधनांपाशी, म्हणून आज तिथेच थांबू.

युनिक्समध्ये अख्खी डिस्कसुद्धा एक फाइलच असते, डेव्ह डिरेक्टरीतली. तुमच्या थिसिसच्या फाइलला तुम्ही कितीही कडक परवानग्या लावा, त्या तपासतो कर्नलचा फाइलसिस्टमचा भाग. जो प्रोग्रॅम डिस्कचे ब्लॉक थेट वाचतो, तो त्या खिडकीवर येतच नाही. तो मागच्या दारानं सरळ दप्तरखान्यात शिरतो. एमकेएफएस नवी फाइलसिस्टम बनवतो, एफएसके बिघडलेली दुरुस्त करतो, एफडिस्क विभाजन करतो. या सगळ्यांना मागचं दार लागतंच, त्याशिवाय त्यांचं कामच होत नाही. ईएक्सटी फाइलसिस्टमसाठीचं डीबगएफएस घ्या. डिस्क वाचायची मुभा असली की त्यातून कुठलीही फाइल बाहेर काढता येते, तिची परवानगी काहीही असो. म्हणून लिनक्समध्ये एखाद्याला 'डिस्क' या ग्रुपमध्ये घालणं म्हणजे जवळपास रूट करून टाकणंच आहे. लॅबच्या सर्व्हरवर हे सर्रास केलेलं दिसतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता इतिहास. 1972 मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला आणि त्यात रेफरन्स मॉनिटरची कल्पना मांडली. प्रत्येक प्रवेश तपासणारा एक पहारेकरी असावा, त्याला टाळून जाता येऊ नये, त्याच्यात कुणाला फेरफार करता येऊ नये, आणि तो इतका लहान असावा की पूर्ण तपासून बघता येईल. पुढच्याच वर्षी बेल आणि लापाडुला यांनी गोपनीयतेच्या पायऱ्यांचं गणिती मॉडेल दिलं. 1983 मध्ये 'ऑरेंज बुक' आलं, 1985 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि बी-1 पासूनच्या वर्गांना सक्तीचं नियंत्रण आवश्यक ठरलं.

पण पायऱ्यांच्या या मॉडेलमध्ये एफएसके कुठे बसवणार? तो गोपनीय आणि उघड अशा दोन्ही फाइल्सचे ब्लॉक हाताळतो. व्यवहारात अशा प्रोग्रॅमला 'विश्वासू' म्हणून नियमातून सूट मिळायची. आणि सूट दिली की ती अख्खीच दिली जायची. माझ्या मते या सगळ्या काळाचं मोठं दुखणं हेच होतं: दार भक्कम, आणि ते उघडायला मास्टर चावी घेतलेले दहा जण.

यावर नेमका उपाय 1985 मध्ये बोबर्ट आणि केन यांच्या पेपरमध्ये आला, तो म्हणजे टाइप एन्फोर्समेंट. माणसाची पायरी बघू नका, प्रोग्रॅमचं काम बघा. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक डोमेन, प्रत्येक वस्तूला एक टाइप, आणि कुठल्या डोमेननं कुठल्या टाइपवर काय करायचं याचा तक्ता. हा विचार लॉक, डीटीओएस आणि युटा विद्यापीठातलं फ्लास्क अशा प्रकल्पांतून पुढे सरकत राहिला. 1998 मध्ये अमेरिकेच्या एनएसएमधल्या संशोधकांनी, ऑपरेटिंग सिस्टममध्ये सक्तीचं नियंत्रण नसेल तर वरच्या थरातली सुरक्षा फोलच ठरणार, असा पेपर लिहिला. डिसेंबर 2000 मध्ये त्यांनी एसईलिनक्सचा कोड खुला केला. लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नल एकाच पद्धतीला बांधायचा नव्हता, म्हणून आधी एलएसएम नावाची सामाईक चौकट तयार झाली. 2003 च्या 2.6 कर्नलमध्ये एसईलिनक्स मुख्य प्रवाहात आलं.

आता त्याच्या रेफरन्स पॉलिसीतलं 'एफएसटूल्स' हे मॉड्यूल उघडून बघा. डिस्कवाल्या साधनांसाठी तिथे 'एफएसॲडम-टी' असं वेगळं डोमेन आहे. एमकेएफएस, एफएसके आणि त्यांच्या भावंडांच्या एक्झिक्युटेबलना एक खास लेबल असतं. परवानगी असलेल्या डोमेननं ते चालवलं की प्रोसेस आपोआप या डोमेनमध्ये जाते. तिथे तिला डिस्कचे ब्लॉक वाचता-लिहिता येतात. पण रूटच्या नावानं चालूनही तिला सिस्टमवर बाकी काय करता येईल, हे तक्ताच ठरवतो. म्हणजे चावी आता माणसाच्या खिशात नाही, ठराविक कामाला बांधलेली आहे.

याहून महत्त्वाची ओळ शेजारच्या 'स्टोरेज' मॉड्यूलमध्ये आहे. तिथे 'नेव्हरअलाउ' असा नियम आहे: ठराविक डोमेन सोडून कुणालाही स्थिर डिस्क थेट वाचायची परवानगी देणारी पॉलिसी तयारच होऊ द्यायची नाही. एवढी सावधगिरी का, हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण व्हायव्हात तो हमखास येण्यासारखा आहे. एसईलिनक्सची लेबलं फाइलच्या विस्तारित गुणधर्मांत, म्हणजे त्याच डिस्कवर साठवलेली असतात. ज्याला डिस्कवर थेट लिहिता येतं, तो लेबलच बदलू शकतो. सातबारा ज्या कपाटात आहे, त्याच कपाटात तलाठ्याच्या नेमणुकीचा आदेशही ठेवलाय असं समजा. अँडरसन यांची 'पहारेकऱ्यात फेरफार होऊ नये' ही अट शेवटी या दोन-तीन ओळींवर येऊन टेकते.

प्रत्यक्षात हे सगळं सुरळीत लागू झालं असं मात्र नाही. 2004 च्या फेडोरा कोअर 2 मध्ये एसईलिनक्स होतं, पण मूळ स्थितीत बंद. त्याच वर्षीच्या फेडोरा कोअर 3 मध्ये ते 'टार्गेटेड' पॉलिसीसह चालू झालं. ही तडजोड होती. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या सेवा बांधल्या, पण लॉगिन केलेला ॲडमिन बहुतांशी मोकळाच राहिला. काही जण याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही. जी पॉलिसी सगळे पहिल्याच दिवशी बंद करून टाकतात ती कागदावर कितीही कडक असली तरी तिचा उपयोग शून्य. आजही नेटवर कुठल्याही अडचणीवर पहिलं उत्तर 'एसईलिनक्स बंद करा' असंच मिळतं. तुम्ही तसं करण्याआधी ऑडिट लॉगमधली एव्हीसीची ओळ वाचा. कुठल्या डोमेनला कुठल्या टाइपवर काय नाकारलं, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि एक गैरसमज. चुकीच्या डिस्कवर एमकेएफएस चालवलंत तर ही पॉलिसी तुम्हाला वाचवणार नाही. त्या डोमेनला डिस्कवर लिहायची मुभा आहेच, आणि तुमच्या मनात कुठली डिस्क होती हे तक्त्याला कळत नाही. त्यासाठी बॅकअप.

हे सगळं सर्व्हररूमपुरतं आहे असं वाटत असेल तर खिशातला फोन बघा. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून एसईलिनक्स तिथे पूर्ण सक्तीनं लागू आहे. अँड्रॉइडच्या पॉलिसीत एफएसकेसाठी दोन वेगळी डोमेन आहेत, एक फोनच्या आतल्या विभागांसाठी आणि दुसरं बाहेरून घातलेल्या मेमरी कार्डासारख्या अविश्वासू माध्यमांसाठी. कारण कार्डावर मुद्दाम बिघडवलेली फाइलसिस्टम असू शकते, आणि ती वाचता वाचता एफएसकेच ताब्यात गेला तर त्याच्या हाती आतला डेटा लागता कामा नये.

एसईलिनक्सच्या साधनांच्या कोडसोबत मराठी भाषांतराची फाइलही आहे, भाषांतरांच्या फोल्डरमध्ये एमआर नावानं. मी विषयाला सुरुवात तिथूनच करा असं सुचवेन: आधी ती फाइल, मग 'एफएसटूल्स' मॉड्यूल, आणि मग त्या मॉड्यूलचा गिटमधला इतिहास. कुठली परवानगी कधी आणि कशासाठी वाढवावी लागली, हे त्यात एकेका कमिटमध्ये दिसतं. त्यातली एखादी आज गरजेची उरली आहे का, हा प्रश्न एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेसा आहे.