अपिलाचा वकील आणि पोथीचा पाठ : कै. रावसाहेब मंडलीक यांच्या व्यवसायाविषयीं कांहीं विचार

धर्मशास्त्राच्या पोथ्यांच्या याद्या चाळणारांस पुणें येथील फर्ग्युसन कॉलेजांतील मंडलीक-संग्रहाचें नांव नवें नाहीं. तो संग्रह करणारे कै. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे मुंबई हायकोर्टांतील नामांकित वकील होते, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, असें विचारल्यास बहुधा उत्तर मिळतें तें असें कीं, वकिलींत द्रव्य मिळालें आणि त्या द्रव्यावर पोथ्यांचा नाद पुरविला. हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. रावसाहेबांचा व्यवसाय नुसत्या वकिलीचा नव्हता, अपिलाच्या वकिलीचा होता. आणि हायकोर्ट स्थापन झाल्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबई इलाख्यांतील अपिलाच्या वकिलास पोथी सोडल्यावांचून गत्यंतर नव्हतें, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

चरित्राचा भाग थोडक्यांत उरकतों. रावसाहेबांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड गांवीं झाला. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत शिक्षण झाल्यावर त्यांनीं सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत नोकरी केली, आणि मग ती सोडून हायकोर्टांत वकिली आरंभिली. १८६४ सालीं ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र निघालें तें त्यांच्याच हातून. १८७४ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत व १८८४ सालीं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांत त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास ते हायकोर्टांत सरकारी वकीलहि झाले. ९ मे १८८९ रोजीं त्यांचा अंत झाला. हे सर्व मानाचे टप्पे होत. परंतु माणूस घडतो तो मानाच्या दिवशीं नव्हे, रोजच्या कामांत. तेव्हां तें रोजचें काम कसें होतें तें पाहिलें पाहिजे.

मुंबईचें हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ रोजीं उघडलें. बेटावरचें सुप्रीम कोर्ट आणि इलाख्याच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती यांचा त्यांत विलय झाला खरा, परंतु सांधा बुजला नाहीं. मूळ शाखेंत सुप्रीम कोर्टाची परंपरा चालू राहिली. तेथें सॉलिसिटर कैफियत तयार करी, बॅरिस्टर बोले आणि साक्षीदार पिंजऱ्यांत उभा राही. अपील शाखेंत साक्षीदाराचें तोंड दिसण्याचा प्रसंग क्वचितच. तेथें येई तें रत्नागिरीहून, धारवाडाहून किंवा अहमदाबादेहून आलेलें कागदांचें गांठोडें : जबान्या, निवाडे, फारखती, दत्तपत्रें, सनदा. वाद इंग्रजींत चाले, आणि कागद मराठी, गुजराथी वा कानडी असत. भाषांतर करून देणारें खातें होतें. परंतु कोंकणांतील मोडी दस्तऐवजांतील एखादें अक्षर ‘न’ कीं ‘त’ असा प्रश्न पडला म्हणजे भाषांतरावर विसंबणारा बॅरिस्टर आणि मूळ कागद स्वतः वाचणारा वकील यांतील अंतर तत्काळ दिसून येई. पाठभेदाचें पहिलें शिक्षण येथें फुकट मिळत असे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट खास अपिलाची. १८५९ च्या आठव्या कायद्यानें खालच्या कोर्टाच्या अपिलांतील निकालावर खास अपिलाची वाट ठेविली होती. परंतु हकीकतीच्या मुद्द्यावर तेथें दाद लागत नसे. निकाल कायद्याविरुद्ध आहे, किंवा कायद्याचें बळ असलेल्या रूढीविरुद्ध आहे, किंवा कामाच्या रीतींत महत्त्वाची चूक झाली आहे, असें दाखवावें लागे. यांतील ‘रूढि’ हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यांत त्याला विशेष वजन होतें. कारण एल्फिन्स्टनच्या अमदानींतील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनानें पार्लमेंटचे कायदे व रेग्युलेशनें यांच्या खालोखाल देशाची वहिवाट ठेविली होती, आणि तिच्या मागाहून प्रतिवादीचें धर्मशास्त्र. म्हणजे शास्त्र काय सांगतें याच्या आधीं लोक काय करतात हें विचारावयाचें. प्रिव्हि कौन्सिलानेंहि १८६८ सालीं मदुरेच्या कलेक्टराच्या प्रकरणांत असेंच ठरविलें कीं, रूढि स्पष्ट शाबीत झाल्यास ती लेखी वचनावर मात करते.

आतां शास्त्र कोणी सांगावयाचें ? १८६४ पर्यंत कोर्टाच्या पदरीं शास्त्री असत. प्रश्न लिहून त्यांच्याकडे पाठवावा, त्यांनीं व्यवस्था द्यावी. त्या व्यवस्थांचें भांडार वेस्ट व ब्यूलर यांनीं १८६७ पासून आपल्या ग्रंथांत प्रसिद्ध केलें, आणि आजहि तो ग्रंथ संशोधकानें वाचण्यासारखा आहे. परंतु १८६४ च्या अकराव्या कायद्यानें शास्त्र्यांच्या जागा मोडल्या. न्यायाधीशांस संस्कृत येत नव्हतें, शास्त्री गेले, आणि उरलीं तीं मोजकीं इंग्रजी भाषांतरें. नीलकंठाच्या व्यवहारमयूखाचें बोराडेलकृत भाषांतर १८२७ चें. दत्तकमीमांसेचें सदरलंडकृत भाषांतरहि त्याच काळाच्या आगेमागेचें. शास्त्र्याची रिकामी जागा कोणीतरी भरावयाची होती, ती अपिलाच्या वकिलानें भरली. हें आमच्या विषयाचें मर्म आहे.

दत्तकाचें उदाहरण घेऊं. पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें पुत्र देऊं वा घेऊं नये, अशा अर्थाचें वसिष्ठाचें एक वचन आहे. त्या एकाच वाक्याचे देशपरत्वें चार अर्थ झाले. मिथिलेंत म्हणत कीं अनुज्ञा दत्तविधानाच्या वेळींच हवी, अर्थात् विधवेस अधिकारच नाहीं. बंगाल्यांत म्हणत कीं पतीनें मरणापूर्वीं दिलेली अनुज्ञा चालेल. द्रविड देशांत सपिंडांच्या संमतीनें काम भागे. आणि मयूख व कौस्तुभ हे ग्रंथ म्हणतात कीं वचन सधवेपुरतेंच आहे, विधवेस अनुज्ञेची गरज नाहीं. १८६८ सालीं रखमाबाई विरुद्ध राधाबाई या मुकदम्यांत मुंबई हायकोर्टानें महाराष्ट्रापुरता हा शेवटचा अर्थ मान्य केला. किती वतनें व इनामें या एका वाक्यावर तरलीं असतील याचा हिशेब करणें कठीण आहे. जेथें वाक्याच्या अन्वयावर घराण्याचा वंश अवलंबून, तेथें पोथी शुद्ध कीं अशुद्ध हा प्रश्न पंडिती करमणुकीचा राहत नाहीं.

रावसाहेबांनीं १८८० सालीं व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचें जें इंग्रजी भाषांतर मूळासह व परिशिष्टांसह प्रसिद्ध केलें, तें या गरजेंतून निघालें असें आम्ही समजतों. परिशिष्टांचा भाग आमच्या मतें भाषांतराहूनहि मोलाचा आहे; कारण तेथें ग्रंथकार वचनाशेजारीं वहिवाट ठेवून पाहतो. मात्र त्यांना सर्वत्र यश आलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मुलीचा मुलगा व बहिणीचा मुलगा शूद्रांनीं दत्तक घ्यावा, असें एक शौनकाचें वचन सांगतात. त्यांत इतरांस निषेध आहे, कीं शूद्रांपुरती केवळ शिफारस आहे ? नंदपंडितानें दत्तकमीमांसेंत निषेध काढला. आणि सदरलंडच्या भाषांतरामुळें नंदपंडिताचें मत कोर्टांत जणूं कायदाच होऊन बसलें. १८७९ सालीं मुंबई हायकोर्टानें ब्राह्मणांत असे दत्तक अशास्त्र ठरविले. रावसाहेबांनीं आपल्या ग्रंथांत नंदपंडिताच्या या प्रामाण्यावर सडकून टीका केली. तिचा उपयोग झाला नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १८९९ सालीं, प्रिव्हि कौन्सिलानें भगवानसिंगाच्या मुकदम्यांत निषेधच कायम केला. पुढें १९५६ च्या दत्तकाच्या कायद्यानें हे प्रतिबंध उडाले. पण तें पोथीच्या जोरावर नव्हे, विधिमंडळाच्या जोरावर. कायदे करून समाज सुधारण्याचा रावसाहेबांस मनस्वी कंटाळा. त्यांचें म्हणणें अखेर त्याच मार्गानें सिद्धीस जावें हा काळाचा विनोदच होय.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. वकिलानें गोळा केलेली रूढि ही कांहीं अंशीं पक्षाची रूढि असते. ज्या घराण्यांत भाचा दत्तक घेतला आणि कोणी तक्रार केली नाहीं, तें उदाहरण पुढें येतें. ज्या घराण्यांत भाऊबंदांच्या धाकानें तो घेतलाच नाहीं, त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. रावसाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं, परंतु त्यांच्या ग्रंथांतील रूढींचे दाखले उतरून घेणारांनीं हें व्यंग ध्यानीं वागवावें.

१८८६ सालीं त्यांनीं मनुस्मृति मेधातिथि, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन व रामचंद्र यांच्या टीकांसह छापली, व गोविंदराजाची टीका पुरवणीदाखल जोडली. तोंपर्यंत कोर्टांत मनु म्हणजे कुल्लूकाचा मनु असें समीकरण होऊन बसलें होतें. शेजारीं दुसऱ्या टीका उभ्या करणें हा त्या समीकरणावर दाखल केलेला जणूं एक अपिलाचा अर्जच होता. शालिवाहन, वलभीचे ताम्रपट, महाबळेश्वरचें देवस्थान यांवरील त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पुस्तकांत आहेत, त्यांविषयीं पुन्हां केव्हां तरी लिहूं. पुढें १९२६ सालीं व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ति म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं काढली. काणेहि मुंबई हायकोर्टांतलेच वकील, हा योगायोग म्हणून सोडून देण्यास आमचें मन घेत नाहीं.

आतां संग्राहकांस उद्देशून एक विनंति. जुन्या वकिलांच्या घरीं अपिलांचे छापील कागद व नकलांचीं बाडें पडलेलीं असतात. घरचीं माणसें तीं रद्दींत घालतात आणि आमच्यासारखे लोक सनदेचें अस्सल शोधीत त्यांच्यावरून पुढें जातात. अस्सल पुष्कळदां नष्ट झालेलें असतें, व कोर्टांत दाखल झालेली नक्कलच काय ती उरलेली असते. अशी नक्कल हातीं आल्यास तिच्यावरील मुकदम्याचा नंबर, साल व निशाणीचा आंकडा प्रथम टिपून घ्यावा, आणि बाडाचा दोरा सोडण्यापूर्वीं कागद ज्या क्रमानें लावलेले असतील तो क्रम लिहून ठेवावा.