छर्ऱ्याचे कूळ

सायकलच्या दुकानात बेअरिंगमधल्या पोलादी गोळीला छर्रा म्हणतात. हा शब्द बंदुकीकडून आलेला. बंदुकीचा छर्रा शिशाचा. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली सोडत. थेंब पडता पडता पृष्ठताणाने आपोआप गोल होत आणि खालच्या पाण्यात थिजत. पोलादी छर्ऱ्याने नाव तेवढे या शिशाच्या छर्ऱ्याचे घेतले, कारण बेअरिंगला लागणारा काटेकोरपणा थेंबाला साधत नाही. तरीही या नावात नकळत एक खरे नाते उतरले आहे: दोन्ही छर्रे गोल होतात ते मोकळे सोडल्यामुळे. बेअरिंगचा इतिहास सांगताना ही कल्पना आधी कुणाला सुचली, याचा शोध घेतला जातो. माझ्या मते छर्ऱ्याचे कूळ तिथे सापडणार नाही. ते सापडते गोळीला कुठेही न धरता घासणाऱ्या यंत्रात.

कल्पना तर फारच जुनी आहे. इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळाशी सापडलेल्या रोमन जहाजांत गोळ्यांवर फिरणाऱ्या चौथऱ्याचे अवशेष मिळाले. लिओनार्दोच्या वह्यांत अशा गोळ्यांची रेखाटने आहेत. वेल्समधल्या फिलिप व्हॉनने १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी पेटंट घेतले, आणि पॅरिसच्या ज्यूल सुरिरेने १८६९ मध्ये सायकलसाठी. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूरने जिंकली ती छर्ऱ्यांच्या चाकांवर. ते छर्रे तुरुंगातल्या कैद्यांकडून हाताने बनवून घेतले होते, असे सांगतात. एका शर्यतीपुरते हे जमते. हजार सायकलींसाठी जमत नाही, आणि अडचण नुसत्या संख्येची नाही. सगळे छर्रे तंतोतंत सारखे असले तरी त्यांना भार सारखा वाटून मिळत नाही. सर्वांत जास्त दबलेल्या छर्ऱ्यावर सरासरीच्या सुमारे पाचपट भार येतो, असा हिशेब जर्मन संशोधक रिखार्ड श्ट्रिबेकने १९०१च्या सुमारास मांडला. त्यात एखादा छर्रा शेजाऱ्यांपेक्षा किंचित मोठा निघाला, तर बाकीचे नुसते सोबतीला फिरतात आणि तो एकटा चिरडला जातो. म्हणजे एक उत्तम गोल गोळी मिळून उपयोग नाही, एकसारख्या गोळ्यांचा घाणाच लागतो. १७९४ च्या पेटंटला नेमके तेच मिळत नव्हते.

हे अवघड का, ते लेथवर काम करणाऱ्याला लगेच कळेल. लेथमध्ये वस्तू चकमध्ये धरतात आणि एका आसाभोवती फिरवतात. रूळ, दांडा, बुशिंग यांना आस असतो, म्हणून ते तिथे छान होतात. गोळीला ठरलेला आस नाही. जिथे धराल तिथे डाग राहणार, आणि ज्या आसावर फिरवाल त्याच आसाची चूक तिच्यात उतरणार. दक्षिण जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिख फिशरने १८८३ मध्ये बनवलेल्या यंत्राचे मोठेपण इथे आहे: त्याने धरणेच सोडून दिले. पुष्कळ गोळ्या एकदम घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये सोडायच्या आणि त्यांना हव्या त्या दिशांनी गडगडू द्यायचे. दाब सर्वांत मोठ्या गोळीवर आधी पडतो, म्हणून झीजही तिचीच आधी होते. ती शेजारणीइतकी झाली की दाब दोघींत वाटला जातो, मग तिसरीत. मोजमाप न करता गोळ्या एकमेकींना आपल्या मापावर आणतात. मला यंत्रविद्येतल्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत सुंदर वाटते.

यावर कारखान्यातला माणूस म्हणेल, की छर्ऱ्याला आकार येतो तो ठोकून किंवा लाटून. घासणे म्हणजे नुसता शेवटचा हात. या म्हणण्यात तथ्य आहे. आजही तारेच्या वेटोळ्यातून तुकडा कापला जातो, दोन अर्धगोल साच्यांमध्ये एका ठोक्यात दाबला जातो, आणि एक यंत्र मिनिटाला शेकडो गोळे टाकते. पण साच्यातून नुकताच पडलेला गोळा हातात घेऊन पाहावा. कमरेभोवती शनीसारखे कडे असते, दोन्ही टोकांना बारीक बोंडे असतात. ते कडे काढायचे, मग सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेल्या त्या पोलादाला तापवून तेलात पाणी द्यायचे, आणि मग पुन्हा तासन् तास तबकड्यांमध्ये गडगडवायचे. दुसरीकडे, सिमेंटच्या किंवा खनिजाच्या बॉल मिलमध्ये लागणारे गोळे पाहा. मळसूत्री खाचांचे दोन तिरपे रूळ लालभडक कांबीला फिरवत फिरवत गळ्याशी आवळतात आणि एकेक गोळा तोडून टाकतात. हे गोळे घासावे लागत नाहीत, कारण त्यांचे काम दगड फोडण्याचे. ठोकण्या-लाटण्याने गोळा मिळतो, छर्रा नाही. जी१० प्रतीच्या छर्ऱ्याला गोलाईत जेमतेम पाव मायक्रॉनची चूक चालते. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढे अंतर कोणताही हातोडा काटू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. दोन तबकड्यांमध्ये बसणारी वस्तू सगळीकडून सारख्या जाडीची होईल, पण ती गोल असेलच असे कुठे आहे? ब्रिटनचे ५० पेन्सचे नाणे सात बाजूंचे आहे, तरी कुठेही मोजा, रुंदी एकच भरते. आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच तबकड्यांना खाचा असतात. छर्रा खाचेच्या दोन भिंती आणि समोरची तबकडी अशा तीन ठिकाणी टेकतो, बाहेर पडून इतरांत मिसळतो आणि पुढच्या फेरीला भलत्याच खाचेत शिरतो. बेअरिंगमधल्या रोलरना आस असूनही त्यांना सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये न धरताच घासतात, आणि तिथेही हाच फसवा आकार टाळण्यासाठी काम चाकांच्या मध्यरेषेपेक्षा थोडे वर ठेवावे लागते.

यंत्राने सगळे केले असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या फिचबर्गच्या सायमंड्स कंपनीतली छर्रे तपासण्याची रीत फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मुली डाव्या हाताची दोन बोटे जुळवून त्यांच्या पाठीवरच्या फटीत छर्ऱ्यांची ओळ ठेवत, प्रखर उजेडात ती फिरवत, आणि चिरलेला, ओरखडलेला छर्रा उजव्या हातातल्या चुंबकाने उचलून घेत. १२० मुलींचे काम पुढे ३५ जणी करू लागल्या, हे टेलर अभिमानाने सांगतो; उरलेल्या ८५ जणींचा हिशेब या कुळकथेत धरायला हवा असे मला वाटते.

सायकलची लाट आली नसती तर फिशरचे यंत्र अडगळीत पडले असते, हेही खरे. पण सायकली सगळ्या युरोपात धावत होत्या, बेअरिंगची रेखाटने कुणालाही मिळत होती, आणि तरी धंदा एकवटला तो श्वाइनफुर्टमध्ये. इतका, की दुसऱ्या महायुद्धात १४ ऑक्टोबर १९४३ या एका दिवशी त्या लहानशा गावावर हल्ला करताना अमेरिकेने ६० बॉम्बफेकी विमाने गमावली. आपल्याकडे पुण्याजवळ चिंचवडला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला तो १९६० च्या दशकात. तोवर छर्रा हा शब्द सायकलवाल्याच्या तोंडी रुळलेला होता. मागच्या चाकाच्या हबमध्ये एका बाजूला साधारणपणे पाव इंची नऊ छर्रे बसतात. जाणता कारागीर कप ग्रीसने भरून ते एकेक करून चिकटवतो, आणि त्यातला एक जरी फुटलेला निघाला तरी जुन्या आठांत नवा एक घालत नाही, नऊच्या नऊ बदलतो.