भयपटाची झलक आणि प्रेक्षकाची साक्ष

चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी निवडक प्रेक्षकांपुढे प्रश्नावली ठेवावयाची, आलेल्या उत्तरांचे कोष्टक मांडावयाचे आणि त्यावरून झलकेत कोणते दृश्य घ्यावे व कोणते गाळावे हे ठरवावयाचे, ही पद्धत आता चित्रव्यवसायात रूढ झाली आहे. विनोदी किंवा कौटुंबिक चित्रपटाच्या बाबतीत तिच्यात फारसे गूढ नाही. काय आवडते असे विचारले असता माणूस बहुधा खरे सांगतो. भयपटाची गोष्ट निराळी आहे. ज्याचे मनापासून भय वाटते त्याचे नाव घेण्यासच माणूस कचरतो, आणि ज्याचे नाव तो सहज घेतो त्याचे भय त्याला फारसे उरलेले नसते. मग नावांच्या कोष्टकावरून भयाची जाहिरात आखणाऱ्याच्या हाती काय लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. तो पाहताना दृष्टी पाथर्डीहून मुंबईकडे ठेविली आहे, कारण हे चित्रपट ज्यांच्या तिकिटांवर चालले तो प्रेक्षक मोठ्या प्रमाणात अशा तालुक्यांच्या गावांतला होता आणि प्रश्नावल्या मात्र क्वचितच त्याच्यापर्यंत पोहोचल्या.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ‘ट्रेलर’ म्हणजे मागून ओढले जाणारे. प्रारंभी अशा चित्रफिती मुख्य खेळ संपल्यावर दाखवीत, म्हणून हे नाव पडले. पुढे त्या खेळाच्या अगोदर आल्या, नाव तेवढे मागे राहिले. पाथर्डीच्या रस्त्यांवर हा शब्द आजही मूळ अर्थानेच ऐकू येतो, कारण तेथे ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेली गाडी. ‘झलक’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द मला भयपटापुरता तरी अधिक नेमका वाटतो. क्षणभर दिसावे आणि नाहीसे व्हावे, हा अर्थ त्यात आहे.

प्रेक्षकाचा कल पाहून जाहिरात बदलण्याची आपल्याकडील सर्वांत जुनी हकीकत दादासाहेब फाळके यांच्या नावावर आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. पुढे सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. तेथील प्रेक्षक कित्येक तास चालणाऱ्या नाटकाला सरावलेला होता, त्याला दीडएक तासाचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी चित्रपट वाढविला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत, अशी जाहिरात दिली आणि गर्दी लोटली. प्रेक्षक कोणत्या मापाने मोजतो हे ओळखून त्यांनी आपला माल त्याच मापात सांगितला. सर्वेक्षणाचे सारे शास्त्र या एका कृतीत बीजरूपाने आहे, असे म्हणावयास हरकत नाही. लांबी आणि आणे मोजता येतात, एवढी सोय मात्र फाळक्यांना होती.

सरकारी पातळीवर पहिली मोठी चौकशी १९२७–२८ साली झाली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चार हजारांहून अधिक प्रश्नपत्रिका वाटल्या आणि ३५३ साक्षीदार तपासले. तिचे साक्षीखंड आज चित्रपट-इतिहासकारांचे मोठेच धन आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकास त्यात एक उणीव ताबडतोब खटकते. चौकशीचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत झाला. अडाणी प्रेक्षक काय पाहतो, कशाने बिघडतो, कशाने भारावतो, याविषयी वकील, अधिकारी, शिक्षक आणि चित्रगृहचालक बोलले. तो प्रेक्षक स्वतः बोलला नाही. त्याच्या वतीने साक्ष देण्याची ही प्रथा पुढे बराच काळ टिकली.

अमेरिकेत १९४० साली जॉर्ज गॅलप यांनी प्रेक्षक-संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढली. चित्रपटाचे नाव, कथेचा सारांश व नटांची नावे सांगून ‘हा चित्रपट पाहावासा वाटतो काय’ असे विचारावयाचे आणि जाहिरात किती लोकांपर्यंत पोहोचली हे मोजावयाचे, अशी तिची रीत होती. या रीतीतून आलेले आकडे उपयोगी ठरले यात शंका नाही. भयाच्या बाबतीत ते कितपत विश्वासार्ह धरावेत, हा प्रश्न उरतोच. कारण तेथे पाहावेसे वाटणे आणि पाहवेनासे होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

याच पेचाचे उत्तर आपल्याकडे एका कुटुंबाने प्रश्नावलीवाचून शोधले. फतेचंद रामसे मूळचे कराचीचे. तेथे त्यांचे रेडिओचे दुकान होते, आणि रामसिंघानी हे आडनाव गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर रामसे झाले. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि चित्रनिर्मितीत पडले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. त्याचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर, ही गोष्ट मराठी वाचकांच्या सहसा ध्यानात नसते. चित्रपट चालला नाही. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करावयास शिरतात असा एक प्रसंग होता. रामसे बंधूंनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, ते प्रेक्षागृहात बसून लोकांकडे पाहत असत. एरवी कंटाळलेला प्रेक्षक त्या प्रसंगी सावरून बसे, किंचाळे, आणि काही जण तर तेवढ्यासाठीच येऊन पुढे निघून जात. मुलांनी वडिलांना सुचविले की, असा संपूर्ण चित्रपटच का काढू नये? त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट आला. तो महाबळेश्वरी, घरच्याच माणसांना हाताशी धरून, अल्प खर्चात चित्रित झाला आणि भयपट हा रामसे घराण्याचा धंदाच बनला.

या हकीकतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे कोणी कोणाला काही विचारले नाही. विचारले असते तर बहुसंख्य प्रेक्षकांनी गाणी बरी होती किंवा कथा लांबली असेच सांगितले असते. शरीराने दिलेली साक्ष तोंडी साक्षीहून वेगळी होती आणि बंधूंनी पहिलीवर विश्वास ठेविला. जेथे आगगाडीसुद्धा थांबत नाही अशा ठिकाणी आपला चित्रपट चालतो, असे उद्गार तुलसी रामसे यांच्या नावे प्रसिद्ध आहेत. पाथर्डीला तर थांबण्यासाठीही आगगाडी नाही.

परदेशातही मार्ग तोच दिसतो. ‘सायको’च्या (१९६०) झलकेत हिचकॉक स्वतः प्रेक्षकाला त्या घरातून व निवासातून गप्पा मारीत हिंडवितात. चित्रपटातील प्रसंग जवळजवळ दाखवीतच नाहीत. शेवटी स्नानगृहाचा पडदा सरकतो, एक किंकाळी ऐकू येते, आणि संपले. ‘जॉज’चे १९७५ साली खासगी प्रयोग झाले तेव्हा स्पीलबर्ग यांनी किंकाळ्या कोठे उठतात ते ऐकले, आणखी एक हवी असे त्यांना वाटले, आणि बुडालेल्या नावेतील मस्तकाचे दृश्य संपादिकेच्या घरच्या तलावात पुन्हा चित्रित केले. २००९ साली ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’च्या झलकेने तर कमालच केली: अंधारात बसलेला प्रेक्षकच तिने पडद्यावर आणला. तो खुर्चीत अंग चोरतो, शेजारणीचा हात धरतो, हे पाहूनच इतरांना तिकीट काढावेसे वाटले. चित्रपट कोणत्या शहरी लावावा हेही लोकांनी नोंदविलेल्या मागणीवरून ठरविण्यात आले. सर्वेक्षण आणि झलक यांची इतकी जवळची सोयरीक दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता पाथर्डीकडे वळू. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हा तालुका अवर्षणप्रवण. तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे मोठी यात्रा भरते. गाढवांच्या बाजारासाठीही ती विख्यात आहे. नाथसंप्रदायाची ही भूमी. १८१९ साली रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ या भागात घरोघर वाचला जातो आणि त्यात मच्छिंद्रनाथ प्रत्यक्ष वेताळाला नमवितात. म्हणजे येथील प्रेक्षक तंबूतल्या पडद्यापुढे बसतो तेव्हा भूतसृष्टीविषयी कोरा नसतो. भूत असते एवढेच त्याने ऐकलेले नाही. भूत हरते, हेही त्याने ऐकलेले असते.

महाराष्ट्रातील जत्रांमध्ये फिरत्या चित्रगृहांची, म्हणजे तंबूतील टॉकीजची, परंपरा दीर्घ आहे. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात तिची उतरती कळा नोंदविली गेली आहे. या तंबूंची झलक म्हणजे दाराशी कर्ण्यातून ओरडणारा माणूस आणि रंगविलेला फलक. समोरची गर्दी पांगू लागली की तो वाक्य बदली, थबकली की तेच पुन्हा म्हणे. त्याचे सर्वेक्षण आणि त्याची जाहिरात यांत एका श्वासाचे अंतर असे.

आजच्या सर्वेक्षकाला ती सोय नाही, त्याने निदान काळवेळ तरी पाहावी. पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात. तोडणीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. माघ महिन्यात येथे प्रश्नावली वाटली, तर उत्तरे दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी आणि वृद्ध यांचीच मिळणार. कोष्टकावर मात्र ‘पाथर्डी’ असेच लिहिलेले असेल.

याहून मोठी अडचण शब्दांची. प्रश्नावलीत बहुधा एकच शब्द असतो, ‘भीती’, आणि तिच्यापुढे एक ते पाच अशा पायऱ्या. बोलीतला माणूस ‘भ्या’ म्हणतो, परंतु तेवढ्यावर थांबत नाही. तो दचकतो, हबकतो, त्याच्या अंगावर काटा येतो, उरात धडकी भरते, तो धसका घेतो, कोणाच्या धाकात राहतो. ही एकाच भावनेची कमी-अधिक मापे नव्हेत. दचकणे क्षणाचे असते आणि मागोमाग हसू येते. धडकी पुढे काही होणार या जाणिवेने भरते. धसका घेतलेला माणूस आठवडाभर जेवत नाही. धाकाला तर भुताची गरजच नाही, सावकार किंवा सासरा पुरतो. झलक रचणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद व्यवहाराचा आहे. एकाएकी मोठा आवाज करून दचकविता येते आणि पुष्कळ झलका तेवढ्यावरच संतुष्ट असतात. धडकी भरवावयाची तर काहीतरी दाखविता दाखविता थांबावे लागते. पाच पायऱ्यांच्या कोष्टकात दचकलेला आणि धडकी भरलेला असे दोघेही ‘चार’ या आकड्याखाली एकत्र बसतात.

नामनिषेध हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मराठीत अशुभाचे नाव टाळण्याची सवय खोल रुजलेली आहे. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. दिवा विझवीत नाहीत, मालवितात. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात. त्याच न्यायाने घरात कोणी झपाटल्यासारखे वागू लागले, तर भूत लागले असे सहसा न म्हणता ‘बाहेरचं काहीतरी’ आहे असे म्हणतात. ‘तुमचा भुतांवर विश्वास आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे ठाम उत्तर देणारा मनुष्य ‘बाहेरचं’ या शब्दावर गप्प होतो. कोष्टकात त्याचे ‘नाही’ उतरते, गप्प होणे उतरत नाही.

ज्यांची नावे उघड घेतली जातात त्या भुतांची यादी कोणीही सांगेल: मुंजा, हडळ, समंध, खवीस, झोटिंग. मोल्सवर्थच्या कोशात हे सारे शब्द आहेत. पण ती नावे नीट पाहिली तर ते अपुऱ्या आयुष्यांचे वर्गीकरण दिसते. मुंज होऊन लग्नापूर्वी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असे मानतात. ज्या घरात असे मरण घडले आहे तेथील बाई प्रश्नावलीतील ‘हडळ’ या शब्दापुढे खूण करील की नाही, आणि केलीच तर ती कशाची खूण समजावी? जादूटोण्याच्या आरोपाखाली बायकांचे हाल होतात म्हणून महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. या पार्श्वभूमीवर ‘हडळ’ शब्दाला सर्वाधिक मते पडली म्हणून पांढऱ्या लुगड्यातील, केस सोडलेली बाई झलकेत घालणे हे आकड्यांना धरून असेल. ते वाचन उथळ आहे, आणि निर्दयही.

आपल्याकडील चित्रपटाने दुसरा मार्ग दाखविलेला आहे. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) शांतारामांनी राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवून जो परिणाम साधला, त्यात भूतही नाही आणि हडळही. ते भय धाकाचे आहे. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटाचे नावच अर्धे झाकलेले आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा त्याला बेताचेच यश मिळाले. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. मधल्या सहा वर्षांत त्याची झलक बनली ती एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या, बहुधा अर्धवट सोडलेल्या, वाक्यांची.

तेव्हा सर्वेक्षण करूच नये असा माझा पक्ष नाही. न विचारता प्रेक्षकाच्या वतीने साक्ष देणारे १९२७ साली पुष्कळ होते. त्यापेक्षा विचारणे केव्हाही बरे. परंतु भयपटासाठी विचारणाऱ्याने ‘कशाची भीती वाटते’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘शेवटचे कधी दचकलात, तेव्हा जवळ कोण होते, आणि घरी गेल्यावर काय सांगितलेत’ असे विचारावे. उत्तर बोलीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. उत्तर देणारा कोणत्या शब्दाशी थांबला ते समासात लिहावे. झलकेसाठी निवडावयाचे दृश्य त्या समासातून निवडावे आणि ज्याचे नाव सर्वांनी घेतले ते चित्रपटातच राहू द्यावे. पाथर्डीत हे करावयाचे तर फाल्गुनात, कोयते परतू लागल्यावर आणि मढीची यात्रा चालू असताना करावे. बायकांना बायकांनीच विचारावे. एकाच माणसाला एकदा दिवसा आणि एकदा दिवेलागणीनंतर विचारून दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. त्यांत ‘भूत’ हा शब्द कितीदा येतो आणि ‘बाहेरचं’ कितीदा, ही मोजणी विभागातील कोणाही विद्यार्थ्यास एका यात्रेत करता येईल.