पाळीव प्राण्यांतील औषधांच्या प्रतिकूल प्रतिक्रिया

कुत्रा, मांजर यांसारख्या पाळीव प्राण्यांना उपचारासाठी किंवा रोगप्रतिबंधासाठी दिलेल्या औषधामुळे जो अपायकारक व अनपेक्षित परिणाम घडतो, त्यास औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया असे म्हणतात. प्रतिजैविके, वेदनाशामके, जंतनाशके, गोचीड व पिसवांवरील औषधे, भुलीची औषधे आणि लसी या सर्वांच्या बाबतीत अशा प्रतिक्रिया आढळतात. २८ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या पशुवैद्यकीय औषध नियमावलीने ही संकल्पना बरीच व्यापक केली आहे. औषधाचा गुण न येणे, ते हाताळणाऱ्या माणसास अपाय होणे, पर्यावरणास हानी पोहोचणे आणि माणसाचे औषध प्राण्यास दिल्याने त्रास होणे, या सर्वांची नोंद तीत अपेक्षित आहे.

प्रतिक्रिया उद्भवली म्हणजे औषध वाईट होते, असा अर्थ होत नाही. पाळीव प्राण्यांतील अनेक गंभीर घटनांत औषध निर्दोष असते. ते ज्या प्रजातीस, ज्या वंशाच्या प्राण्यास किंवा ज्या मात्रेत दिले गेले, ती निवड चुकलेली असते.

== प्रकार ==

प्रतिक्रियांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील प्रतिक्रिया औषधाच्या ज्ञात गुणधर्मातूनच उद्भवतात व मात्रेनुसार वाढतात. वेदनाशामकांमुळे जठरात व्रण होणे, हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या वर्गातील प्रतिक्रिया प्राण्याच्या प्रतिकारसंस्थेवर अवलंबून असतात व त्यांचा अंदाज आधी येत नाही. लसीनंतरची तीव्र ॲलर्जी या वर्गात मोडते. तथापि पुढे दिलेली उदाहरणे पाहता, ज्यास एके काळी ‘अनपेक्षित’ म्हटले गेले त्याचे कारण पुढे आनुवंशिकतेत सापडल्याचे दिसते.

== मांजर आणि पॅरासिटामॉल ==

माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉल हे औषध (क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो आदी नावांनी ते घरोघरी असते) मांजरासाठी जहाल विष आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाच्या यकृतात विशिष्ट विकरांच्या साहाय्याने या औषधास ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडले जाते व ते निरुपद्रवी होऊन मूत्रावाटे बाहेर पडते. मांजराच्या यकृतात ही क्षमता फारच अल्प असते. मार्जारकुळ हे केवळ मांसाहारी असल्याने वनस्पतींतील विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी ही यंत्रणा उत्क्रांतीच्या ओघात क्षीण झाली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परिणामी औषधाचे दुसऱ्या मार्गाने विघटन होऊन घातक द्रव्य तयार होते. ते तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर करते व रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

काही तासांतच मांजर मलूल होते, धापा टाकू लागते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, चेहरा व पंजे सुजतात. ॲसिटिलसिस्टीन हा यावरील उतारा आहे. मात्र तो लवकर मिळणे आवश्यक असते. कुत्रा हे औषध तुलनेने अधिक सहन करतो, पण मोठ्या मात्रेत त्याच्याही यकृतास इजा होते. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक ही माणसांची वेदनाशामके कुत्र्यांत जठराचे व्रण व मूत्रपिंडाचा निकामीपणा घडवू शकतात. ‘लहान जिवाला अर्धी गोळी पुरे’ हा घरगुती हिशेब येथे लागू पडत नाही. प्रश्न वजनाचा नसून यकृताच्या रचनेचा आहे.

== परमेथ्रिन ==

शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रिन या कीटकनाशकाच्या धर्तीवर परमेथ्रिन हे कृत्रिम द्रव्य बनवले जाते. कुत्र्याच्या मानेवर सोडावयाच्या काही थेंब-औषधांत त्याचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असू शकते. कुत्र्यास ते सोसते. मांजरास त्याने थरथर, स्नायूंचे आचके व अपस्मारासारखे झटके येतात. लक्षणे काही तासांत सुरू होऊन दोन-तीन दिवस टिकू शकतात.

बहुतेक वेळा हा अपघात काटकसरीतून घडतो. मोठ्या कुत्र्यासाठी आणलेल्या नळीतील उरलेले औषध घरातील मांजरास लावले जाते. मांजर स्वतःला सतत चाटत असल्याने त्वचेबरोबर तोंडावाटेही ते पोटात जाते. औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाशी झोपणाऱ्या किंवा त्याला चाटणाऱ्या मांजरासही बाधा होऊ शकते. यावर विशिष्ट उतारा नाही. कोमट पाणी व भांडी घासण्याचा द्रवरूप साबण यांनी अंग धुणे व स्नायू शिथिल करणारी औषधे देणे, हा उपचाराचा गाभा आहे.

== कोली कुत्री आणि आयव्हरमेक्टिन ==

आयव्हरमेक्टिनचा उगम जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवात आहे. तो सातोशी ओमुरा यांनी वेगळा केला, त्याची परजीवीनाशक शक्ती विल्यम कॅम्पबेल यांनी दाखवली, आणि या कार्याबद्दल दोघांना २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८१ मध्ये हे औषध प्राण्यांसाठी बाजारात आले. ते गुरे, मेंढ्या व घोड्यांत अत्यंत सुरक्षित ठरत असतानाच मेंढपाळांच्या कोली जातीच्या कुत्र्यांत मात्र विपरीत घडू लागले. त्यांच्या बाहुल्या विस्फारत, लाळ गळे, तोल जाई, तात्पुरते अंधत्व येई आणि काही कुत्री कित्येक दिवस बेशुद्ध राहून दगावत. नुकतेच औषध दिलेल्या घोड्याची लीद खाल्ल्यानेही कोली कुत्र्यांना विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. पशुवैद्यांनी ‘पांढऱ्या पायांच्या कुत्र्यांना हे औषध देऊ नका’ असा आडाखा बांधला. तो शास्त्रशुद्ध नव्हता, पण त्याने अनेक कुत्री वाचवली असावीत.

२००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण उजेडात आणले. या कुत्र्यांच्या एमडीआर-१ नावाच्या जनुकातील चार घटक गळालेले असतात. हे जनुक पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाची रचना ठरवते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरलेले परके द्रव्य परत रक्तात ढकलणे, हे त्या प्रथिनाचे काम. जनुक बिघडलेल्या कुत्र्यात हा पहारेकरीच नसतो, आणि औषध मेंदूत साचत जाते. पुढील संशोधनात या दोषाचा उगम एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमधील एखाद्या पूर्वज कुत्र्यापर्यंत मागे नेता आला. कोलीशिवाय ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग, ओल्ड इंग्लिश शीपडॉग इत्यादी वंशांत तो आढळतो. अमेरिकेत तर सुमारे ७० टक्के कोलींमध्ये या दोषाची किमान एक प्रत असते. संकरित कुत्र्याच्या रूपावरून काहीच सांगता येत नाही. गालाच्या आतील पेशींच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करता येते.

मात्रेचे महत्त्व येथे लख्ख दिसते. हृदयातील जंत रोखण्यासाठी महिन्यातून एकदा दिली जाणारी मात्रा दर किलो वजनास सुमारे ६ मायक्रोग्रॅम इतकी अल्प असते व ती कोलीसही सोसते. खरजेसाठीची मात्रा दर किलोस ३०० ते ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० ते १०० पट असते. गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. १० किलोच्या कुत्र्यास ३०० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने त्यातील केवळ ०.३ मिलिलिटर लागेल. दशांश चिन्हाची एक चूक झाली की मात्रा दहापट होते, आणि मग निर्दोष जनुकाच्या कुत्र्यासही धोका संभवतो.

जुलाबावरील लोपेरामाइड व कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन ही औषधेही याच प्रथिनामार्फत हाताळली जात असल्याने अशा कुत्र्यांत ती जपून वापरावी लागतात किंवा टाळावी लागतात.

== इतर उदाहरणे ==

एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची मात्रा मांजरात दर किलोस दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा वाढल्यास दृष्टिपटलाची हानी होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. डॉबरमन कुत्र्यांत सल्फा औषधांमुळे सांधे सुजणे व ताप येणे अशा प्रतिक्रिया अधिक दिसतात. आयसोक्साझोलिन गटातील गोचीडनाशक गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना व मांजरांना झटके आल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. बहुसंख्य प्राण्यांत ही औषधे सुरक्षित असल्याचेही त्याच सूचनेत नमूद होते. प्राण्यास पूर्वी झटके येत होते का, एवढा प्रश्न विचारला गेला तरी बराच धोका टळतो.

गोचीड-तापावर भारतात दिले जाणारे डायमिनाझिन हे औषध जीवरक्षक आहे; परंतु त्याची उपयुक्त व घातक मात्रा यांतील अंतर थोडे असून अधिक मात्रेने कुत्र्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. इमिडोकार्बने लाळ व उलट्या होतात, त्या टाळण्यासाठी आधी ॲट्रोपिन देण्याची पद्धत आहे.

लसीनंतर दिवसभर सुस्ती व इंजेक्शनच्या जागी किंचित सूज येणे सामान्य आहे. चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या किंवा धाप ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे मात्र मिनिटांत वा काही तासांत उमटतात व तातडीचे उपचार मागतात. लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच वेळी अनेक लसी दिल्यास त्यांचे प्रमाण वाढते. मांजरांत इंजेक्शनच्या जागी क्वचित मांसार्बुद नावाचा कर्करोग होतो; तो १९९१ मध्ये प्रथम निदर्शनास आणला गेला. त्यानंतर खांद्यांच्या मधोमध लस टोचण्याऐवजी पायाच्या खालच्या भागात टोचण्याची शिफारस पुढे आली, कारण गाठ झालीच तर तेथील शस्त्रक्रिया शक्य असते. रेबीजसारख्या रोगाच्या तुलनेत हे धोके नगण्य आहेत. या कारणाने लस टाळणे समर्थनीय नाही.

== ओळख व नोंद ==

प्राण्यास मळमळते, कानात आवाज येतो किंवा अंधुक दिसते, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे अनेक प्रतिक्रिया लक्षात येतात तेव्हा त्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात, आणि सौम्य प्रतिक्रिया तर ध्यानातच येत नाहीत. घरच्या माणसाचे निरीक्षण हाच पहिला पुरावा ठरतो. औषधाचे नाव, वेष्टनावरील बॅच क्रमांक, दिलेली मात्रा, प्राण्याचे वजन, देण्याची व लक्षणे दिसण्याची वेळ, तसेच त्याच काळात दिलेली इतर औषधे एवढी माहिती पशुवैद्यास निष्कर्षासाठी लागते. वेष्टन फेकून दिल्यास यांतील निम्मी माहिती नाहीशी होते. सल्ल्याशिवाय घरी मीठ पाजून उलटी करवणे धोक्याचे आहे. जादा मिठाने स्वतंत्र विषबाधा होते.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यांप्रमाणेच प्राण्याच्या मालकासही थेट शासकीय संस्थेकडे नोंद करता येते. अमेरिकेत औषधांची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे, लसींची कृषी खात्याकडे, तर त्वचेवर लावायच्या अनेक कीटकनाशकांची पर्यावरण संरक्षण संस्थेकडे करावी लागते. सामान्य मालकाची यात गफलत होणे स्वाभाविक आहे. आलेल्या नोंदींची ‘संभवनीय’, ‘शक्य’, ‘वर्गीकरण अशक्य’ व ‘संबंध असण्याची शक्यता कमी’ अशी विभागणी तज्ज्ञ करतात.

== भारतातील स्थिती ==

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील ‘औषध’ या संज्ञेत प्राण्यांची औषधेही समाविष्ट आहेत. नियमानुसार अशा औषधांच्या वेष्टनावर ते मानवी वापरासाठी नसून केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी असल्याची सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह असावे लागते. हे चिन्ह ‘प्राण्यांसाठी’ एवढेच सांगते; कुत्र्यासाठी की मांजरासाठी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आतील पत्रक वाचावे लागते, आणि सुटी गोळी किंवा कुपीतून काढून दिलेले औषध घेणाऱ्याच्या हाती ते पत्रक पडत नाही.

भारतात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण पाळीव प्राण्यांचे नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांचे शव खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली, आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्याने २०१५ मध्ये त्या कुप्यांच्या आकारावरही मर्यादा घालावी लागली.