पाण्यापाशी मुक्काम

परभणी जिल्ह्यातली गावं पायी हिंडायची तर मी वालूरचं नाव आधी सांगतो. सेलू तालुक्यातल्या या गावात चक्राकार बारव आहे. गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या पाण्यापाशी नेतात. पूर्वी वाटसरूला सराईच हवी असे असं नाही. पाणी नि सावली दिसली की मुक्काम पडे. 'मुक्काम' अरबीतून आला, 'सराई' फारसीतून, 'धर्मशाळा' संस्कृतातून. दमलेल्या माणसाला तिन्ही आपलेच.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली. पायवाटा ओस पडल्या, पुढं नळ आले आणि कितीतरी बारवा गाळानं भरल्या. वालूरकरांनी २०२१ च्या सुमारास श्रमदानानं आपली बारव मोकळी केली.

पायऱ्यांचं कौतुक करताना मला आणखी एक तारीख आठवते. २० मार्च १९२७. सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे, हे सांगायला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरावी लागली. म्हणून नुसता गाळ काढून भागत नाही. आलेल्याची जात न विचारता 'बसा, पाणी घ्या' म्हणणारं गाव, तीच खरी सराई.